मडक्यातला गोटा

"आणि मी मेले तर?"

आक्कानं विचारलं आणि सुपातल्या डाळीतला एक किडका दाणा उचलून बाहेर फेकला.

"तेच तर सांगतोय, आक्का." कुलथेंनी चष्मा सावरत मांडीवरचा लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "तुम्ही गेलात की मठ बसला."

"बसला म्हंजे?"

"कोठी उघडणार नाही. चूल पेटणार नाही. माणसं उपाशी राहतील. हे बघा, सगळ्या रेघा तुमच्यापाशी येतात."

पडद्यावर मधोमध एक लाल ठिपका होता आणि चहूकडून रेघा त्याच्यात घुसत होत्या. आक्कानं डोळे बारीक करून बघितलं.

"कोळ्याचं जाळं हाय की रं."

"आणि मधे तुम्ही. अडतीस आकडा आलाय. शंभरात अडतीस."

"नापास?"

"साठ लागतात."

डॉक्टर श्रीरंग कुलथे म्हणजे औषधाचे डॉक्टर नव्हेत. पहिल्या दिवशी आक्कानं गुडघा पुढं केला होता, तेव्हा ते कळलं. एखादी यंत्रणा घाव बसला तर किती तग धरते आणि पडली तर किती लवकर उठते, ते मोजायचं, हे त्यांचं शास्त्र. कारखाने मोजले, धरणं मोजली, वीज मोजली. त्यांच्याइतकं बारीक दुसऱ्या कुणाला मोजता येत नाही असं लोक म्हणत. तेही म्हणत.

आता टेकडीवरचा हा मठ मोजायचा होता. पावसाळा महिन्यावर आला होता. गेल्या साली नदी चढली तेव्हा खालच्या वाड्यांतली माणसं दोन दिवस शाळेच्या पत्र्यावर भिजत बसली. मठ डोळ्यांना दिसत होता, पण आसऱ्याच्या जागांच्या सरकारी यादीत नव्हता, म्हणून होड्या इकडं वळल्याच नाहीत. या वर्षी यादीत घालायचा का नाही, ते कुलथेंच्या आकड्यावर होतं. आज संध्याकाळी पाचपर्यंत.

"म्हंजे तुझ्या अडतिसापायी अकरा वाड्या परत पत्र्यावर?"

"आकडा मी बनवत नाही, आक्का. आकडा येतो."

"कुठनं येतो?"

कुलथे तोंड उघडणार तोच खिशातला फोन वाजला. टेकडीवर रेंज मिळायची ती फक्त या उंबराखाली, म्हणून तीन दिवस ते इथंच ठाण मांडून होते.

"सर, नसीम बोलतेय. ऑफिसातून."

नसीम मुल्ला त्यांची विद्यार्थिनी. गेली चार वर्षं त्यांच्या हाताखाली.

"सर, मी प्रश्नावली परत वाचली. दोनशे बारा प्रश्न आहेत, आणि सगळ्यांची उत्तरं आक्कांनीच दिलीत. दुसऱ्या कुणाला आपण विचारलंच नाही. मग सगळ्या रेघा त्यांच्याकडे जाणारच ना?"

"तुला विचारलं का मी?"

"नाही सर..."

"मग? मी सांगेन तेव्हा आकडा भर. तोवर कशाला हात लावू नकोस."

फोन खिशात गेला. आक्का डाळ निवडत होती.

"पोरगी चुकली का काय?"

"माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही. साधी फाईल पाठवायची तरी चार वेळा फोन."

"अरे वा." आक्का म्हणाली. "मोठा माणूस हाय की तू."

कुलथेंना बरं वाटलं. बिचाऱ्यांना खरंच बरं वाटलं.

आक्कानं सूप खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. "हिराबाई, आज आवस ना ग? मडकं आण."

हिराबाई मडकं घेऊन आली. आत नदीतले गोटे खुळखुळले. प्रत्येकावर रंगानं काहीतरी काढलेलं.

"दर आवसेला एक काढायचा," आक्का म्हणाली. "ज्याचा निघंल तो त्या दिवशी मेला. विहिरीचा दोर निघाला तर दोर मेला. मीठ निघालं तर मीठ मेलं. दिवस मावळस्तवर त्याला हात लावायचा न्हाई. आज पाव्हण्यानं काढायचा. घाल हात."

कुलथे हसले. असला पोरखेळ त्यांनी कुठल्याच कारखान्यात बघितला नव्हता. त्यांनी हात घातला आणि पांढरा गोटा बाहेर काढला. त्यावर कुंकवाचा ठिपका होता.

हिराबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! तूच निघालीस की."

"निघाले." आक्का उंबराच्या बुंध्याला टेकली, पदर तोंडावर ओढला. "मेले."

आणि गप्प झाली.

...

साडेदहा झाले होते. पंक्तीला चाळीस माणूस जेवायचं होतं. कोठीला कुलूप होतं आणि किल्ली आक्काच्या कमरेला.

कुलथेंनी घड्याळ लावलं. कोठी बंद, चूल थंड, सगळं आकृतीत होतं तसंच. आता ही हिराबाई रडकुंडीला येणार.

हिराबाई आली, वाकली आणि मेलेल्या आक्काच्या कमरेची किल्ली हिसडून काढून घेतली.

"मेलीस ना? मग दे इकडं."

पदराखालून हूं नाही की चूं नाही.

कोठी उघडली. तांदूळ बाहेर आला. मग विहिरीवर बसणारे दगडूबुवा आणि हिराबाई यांची जुंपली.

"आमटीला चिंच किती घालतीस?"

"मला काय विचारतोस, मेल्या? रोज आक्का घालायची."

"मग चाखून घाल की! जीभ हाय ना तुला? तोंड चालवताना बरी चालती!"

त्या भांडणात चुलीवरचा भात विसरला आणि खालून लागला. करपल्याचा वास टेकडीभर झाला. सरपण संपलं, ते आणायला कुणी नव्हतं. हिराबाई कंबरेवर हात ठेवून उंबराखाली आली.

"ओ सायेब, काय बघताय? लाकडं उचला."

"मी? मी नोंदी घेतोय."

"नोंदी चुलीत घालू का?"

कुलथेंनी लॅपटॉप मिटला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. लाकडाची कुसळं बोटात शिरली ती शिरलीच.

बाराची पंगत एक वाजून दहा मिनिटांनी बसली. भाताला वास होता. आमटी इतकी आंबट झाली होती की दगडूबुवांनी एक डोळा मिटूनच गिळली. पण चाळीस जणं जेवली. कुणी उपाशी उठलं नाही. आक्कालाही पान वाढलं. पदराआडून तिनं मुकाट जेवून घेतलं.

"सत्तर मिनिटं उशीर," कुलथे पुटपुटले.

"मागल्या बारीला तीन तास झालता," हिराबाई ताक वाढता वाढता म्हणाली. "आणि पैल्यांदा आक्का मेली ना, तवा समदी उपाशी झोपली. किल्लीला हात लावायचं कुणाच्या बापाला धारिष्ट झालं न्हाई. आता होतं."

कुलथेंचा घास हातातच राहिला.

तीन दिवस त्यांनी या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. ती समोरून पन्नास वेळा गेली होती. चहा देऊन गेली होती.

...

जेवण झाल्यावर ते उंबराखाली आले. लॅपटॉप उघडून लाल ठिपक्याकडं येणाऱ्या रेघा परत बघितल्या. आक्का पदराआड, मेलेली.

पावणेचार वाजता त्यांनीच फोन लावला.

"नसीम... सकाळी तू म्हणालीस ते बरोबर होतं. माझं चुकलं."

त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला.

"माझा आकडा खोड. फोन हिराबाईंना देतो, दगडूबुवांना देतो, त्यांना विचार. काय विचारायचं ते तूच ठरव. आकडा तू काढ आणि तूच पाठव."

"मी? सर, सहीसुद्धा?"

"सहीसुद्धा."

हिराबाईनं फोन हातात घेतला तो आधी लांब धरून, मग कानाला चिकटवून. पाऊण तास बोलली. मधेच किल्लीची गोष्ट सांगितली आणि मोठ्यानं हसली. मग दगडूबुवा बोलले, निम्मा वेळ हिराबाईच्या तक्रारी. पाचला पाच मिनिटं असताना नसीमचा निरोप आला. सदुसष्ट. पाठवलंय.

हिराबाई टेकडीच्या कडेला गेली आणि खालच्या वाड्यांकडं बघून तिनं कडाकडा बोटं मोडली. दृष्ट काढल्यासारखी.

दिवस मावळला. आक्कानं पदर काढला, जांभई दिली आणि पहिलं बोलली ते हे.

"आमटीत चिंच कुणी वतली ग? दात आंबले माझे."

कुलथेंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आक्का, मी चाळीस यंत्रणा मोजल्या. असं मडकं कुठंच बघितलं नव्हतं. मला एक सांगा..."

आक्कानं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. मडकं जवळ ओढलं, आत हात घालून चाचपलं आणि एक काळा गोटा काढला. त्यावर चुन्यानं चष्मा काढला होता. चुना आजचा नव्हता, चांगला वाळलेला.

"आलास त्याच दिवशी टाकला हुता."

गोटा तिनं त्यांच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली.

"आता उद्या मावळस्तवर तुझा दिवस."

कुलथे मुठीकडं बघत राहिले...

तेवढ्यात खिशात फोन वाजला. नसीम. त्यांचा दुसरा हात आपोआप खिशाकडं गेला.

आक्का सूप उचलून उठली.

"मेलेला माणूस फोन उचलतो व्हय रं?"