भिवाबाबांच्या शब्दांचं जाळं

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या बाभळीवर भिवाबाबा नावाचा सुगरण पक्षी राहायचा. पंख थकले तेव्हा त्यानं घरटं विणण्याची आपली सारी कला ताडाच्या पानावर लिहून ठेवली.

त्याच्या पोरांनी पान वाचून घरटी बांधली. वारा सुटला, घरटी झुलली आणि दोन अंडी पडून फुटली. "बाबा काहीतरी विसरले," पोरं म्हणाली. भिवाबाबा मान खाली घालून बसला.

शेजारी एक कोळी होता. काही वाचलं की त्याचे पाय आपोआप विणू लागत. त्यानं पान वाचलं आणि जाळं विणलं; एकेका कामाची एक गाठ, गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत धागा.

"कोळीदादा, कधी घरटं बांधलंय का?" वरच्या फांदीवरचा पोपट हसला.

"नाही रे. पण पानाच्या शेवटी लिहिलंय, 'आणि हो, दार विणण्याआधी आत ओल्या मातीचे गोळे लावायचे, म्हणजे घरटं झुलत नाही.' शेवटी लिहिलंय म्हणून पोरं ते शेवटी करायला गेली. अरुंद दारातून गोळे आत जाणार कसे? माझ्या जाळ्यात मातीची गाठ दाराच्या गाठीआधी आली."

पोरांनी जाळं बघून नवी घरटी बांधली. पुन्हा वारा आला, पण एकही अंडं पडलं नाही.

भिवाबाबानं जाळं गाठीगाठीनं तपासलं. मग छाती फुगवून पोपटाला म्हणाला, "नीट बघ. यातली एकेक गाठ माझ्याच शब्दांची आहे."