घोंगडीवरची रिकामी जागा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कासारीण राहायची. घरोघर जाऊन बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, हा तिचा धंदा. गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे हात तिला पाठ होते. कुणाचा हात मऊ, कुणाचा हाडांचा, कुणाच्या अंगठ्याशी बांगडी अडते, सगळं ती डोळे मिटून सांगायची. गप्पा मारता मारता ती हात दाबायची, वळवायची, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर चढलेली असायची. अशा बाईला घराच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत कुणी अडवत नसे. तिचं पोट त्या विश्वासावरच चालत होतं.

तिचं सगळ्यांशी गोड होतं, एक सुईणआजी सोडून. या आजीनं अर्धं गाव स्वतःच्या हातांनी जगात आणलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या गावाशी तिचं कधी ना कधी भांडण झालं होतं. ती बांगड्या घ्यायला बसली की कासारणीला घाम फुटायचा. "एवढी किंमत? काच आहे का हिरे?" इथून सुरुवात. मग ही वाकडी आहे, हिचा रंग उडेल, ही गेल्या वर्षीची दिसते. आजी लांबून येताना दिसली की कासारीण हळूच पेटीचं झाकण लावून घ्यायची.

एकदा नगरशेठच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. सुनेला हिरवा चुडा भरायला कासारीण आली. सुनेनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून शेजारच्या वाटीत ठेवल्या आणि हात पुढे केला. कासारणीनं मन लावून चुडा भरला, ओटीतले तांदूळ घेतले, पेटी उचलली आणि ती मागच्या दारानं निघून गेली. थोड्या वेळानं सुनेनं वाटीकडे पाहिलं तर पाटल्या नाहीत!

झालं. घरात एकच गलका उडाला. उशा झाडल्या, ट्रंका उपसल्या, पलंगाखाली दिवा धरून पाहिलं. शेठनं कोतवालाला बोलावणं धाडलं. कोतवाल तरुण होता, उमदा होता, आणि आजवर आपला एकही चोर सुटला नाही याचा त्याला फार अभिमान होता. त्यानं विचारलं, "घरात परकं कोण आलं होतं?" सगळे म्हणाले, "कासारीण." बस्स, कोतवाल धावत सुटला.

गल्लीच्या टोकाशी कासारीण त्याला दिसली. त्यानं हाक मारली, "ए बाई, थांब!" ती थांबली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, तशी तिनं मान खाली घालून पावलं आणखी उचलली. कोतवालाची खात्री पटली. त्यानं तिला गाठलं आणि भर रस्त्यात तिची पेटी उलटी केली. हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्यांचा दगडांवर खच पडला. बांगडी फुटली असा शब्दसुद्धा कासार लोक तोंडातून काढत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि इथं तिच्या डोळ्यांदेखत सगळी पेटी फुटली. पाटल्या मात्र निघाल्या नाहीत.

"नाहीत, म्हणजे वाटेत कुणाला तरी दिल्यास," कोतवाल म्हणाला. "चोरी केली नव्हती तर पळत का होतीस?"

कासारीण सांगू लागली, पण रडू आवरेना, आणि कोतवालाला ऐकायची गरज वाटेना. त्यानं तिला चावडीच्या कोठडीत बसवलं.

आता त्या गावच्या न्यायाची एक रीत होती, ती सांगायला हवी. चावडीवर एक मोठी काळी घोंगडी अंथरत. तिच्यावर आरोपीनं बसायचं, पण स्वतःची बाजू स्वतः सांगायची नाही. घाबरलेल्या माणसाची जीभ अडखळते आणि अडखळणारा माणूस खोटारडा वाटतो, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक होतं. म्हणून घोंगडीवर दुसरी एक जागा ठेवलेली असे. गावातल्या कुणीही तिथं बसावं आणि आरोपीच्या वतीनं बोलावं, विचारावं. आरोपीनं स्वतः फक्त एकच शब्द बोलायचा, तोही वाटलं तरच. तो शब्द म्हणजे, "कबूल."

रीत चांगलीच होती. पण पुढं पुढं लोकांना वाटू लागलं, चोराशेजारी बसणारा चोराचाच भाऊ. नसती बला कोण गळ्यात घेणार? मग दुसरी जागा रिकामी राहू लागली. कोतवाल तीनदा पुकारा करायचा, कुणी उठायचं नाही, आरोपी थकून "कबूल" म्हणायचा, आणि न्यायाधीश जेवायला जायचे. कासारीणही कितीदा त्या गर्दीत उभी होती. तीही कधी उठली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल कोठडीच्या दाराशी आला. तो काही दुष्ट नव्हता. समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, कबूल म्हणून टाक. शेठच्या पाया पड. थोडाफार दंड होईल आणि दुपारी घरी जाशील. उगाच ताणलंस तर किती दिवस इथं बसशील, सांगता येत नाही."

घरी! कासारणीचं तान्हं लेकरू घरी सासूजवळ होतं. कालपासून ते अंगावर प्यायलं नव्हतं. तिची छाती दुधानं दाटून दुखत होती, चोळी भिजली होती. एका शब्दात घर होतं. पण तो शब्द बोलल्यावर पुन्हा कोणती बाई हिच्या हातात हात देणार होती? तिला काही सुचेना.

चावडी गच्च भरली होती. कासारीण घोंगडीवर बसली. कोतवालानं पुकारलं, "हिच्या शेजारी कुणी बसतंय का?" जिच्या बाळंतपणात हिनं रात्री जागवल्या होत्या ती शेजारीण पदर नीट करत राहिली. दुसरा पुकारा झाला. लोक आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. कासारणीच्या मनात लेकराचं रडणं घुमत होतं. तिनं तो एक शब्द बोलायला तोंड उघडलं.

"सरक जरा," कुणीतरी म्हणालं.

सुईणआजी गुडघ्यावर हात टेकत, कण्हत कुंथत घोंगडीवर बसत होती. बसल्या बसल्या तिनं कासारणीच्या कानाशी तोंड नेलं. "घेतल्यास का गं पाटल्या?"

"नाही हो आजी, लेकराची शपथ."

"मग ओठ मिटून बस. तो शब्द तुझा नाही."

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "आजी, उद्या ती चोर निघाली म्हणजे?"

"निघाली तर निघाली!" आजी फणकारली. "मी काही तिच्या पोटात शिरून पाहिलेलं नाही. पण हिनं सांगितलेली पहिली किंमत मी कधी मोजली नाही. मग कोतवालानं सांगितलेला पहिला गुन्हा तरी का म्हणून घ्यायचा? घासून पाहू की!"

कासारणीला रडता रडता हसू आलं. ज्या घासाघिशीला ती इतकी वर्षं भीत होती, तीच आज तिच्या बाजूनं बसली होती.

आजीनं आधी कोतवालाला धरलं. "काय रे, ही चोर हे तुला कशावरून कळलं?"

"मी हाका मारल्या, तरी ती थांबली नाही."

"बरं." आजी शेठाणीकडे वळली. "बाई, गरवार बाईला चुडा भरून झाला की कासारीण कुठल्या दारानं जाते?"

"मागच्या," शेठाणी म्हणाली.

"आणि वाटेत मागून हाक मारली तर?"

"थांबायचं नसतं. वळूनही बघायचं नसतं. कासारीण मागं वळली तर बाळंतपण अडतं म्हणतात."

"अगदी बरोबर," चार बायका एकदम म्हणाल्या.

"मग हे कोतवालाला सांगितलंत का?"

शेठाणी गोंधळली. "त्यांनी विचारलंच नाही. आणि आम्हाला वाटलं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं."

"त्याचं लग्न व्हायचंय अजून, त्याला काय माहीत!" आजी म्हणाली. "अरे, माझ्याच हातावर जन्मलास तू. पायाळू. आधी पाय आले, मग डोकं. अजून तसाच आहेस, आधी धावतोस." चावडी खो खो हसली. कोतवालाचे कान लाल झाले.

न्यायाधीश मात्र हसले नाहीत. ते पुढं सरसावून बसले होते. "आजी, ती का पळाली ते कळलं. पण पाटल्या गेल्या कुठं?"

"ते मला काय ठाऊक? मी विचारणारी. त्या वेळी खोलीत कोण कोण होतं, त्यांना सगळ्यांना विचारलं का?"

विचारलं होतं, पण राहिली होती एक. शेठची थोरली बहीण, आत्याबाई. ती त्याच दुपारी, गलका उडायच्या आधीच, बैलगाडीनं आपल्या गावी परतली होती.

"तिला आणा," आजी म्हणाली. "तोवर ही चोर नाही, शिक्षा नाही, दंड नाही."

"आत्याबाई यायच्या म्हणजे उद्याची दुपार होईल," न्यायाधीश म्हणाले. पण त्यांनी माणूस धाडला.

आजी एवढ्यावर थांबली नाही. तिनं कासारणीच्या सासूला निरोप पाठवून लेकरू चावडीवर आणवलं. कासारणीनं त्याला पदराखाली घेतलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी कोतवाल पुन्हा येऊन म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही. कबूल म्हण, लेकराला घेऊन घरी जा." या वेळी कासारणीची जीभ अडखळली नाही. ती म्हणाली, "मी ज्या घेतल्याच नाहीत, त्या कबूल कशा करू? उद्या दुपारपर्यंत बसते मी."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या त्या गाडीतूनच ओरडत. "अगं, काय मेल्यांनो, सोनं उघड्या वाटीत ठेवतात का कार्याच्या घरात? मी उचलून तुरीच्या डाळीच्या डब्यात घातल्या, अगदी तळाशी! सांगणारच होते, तर मेला गाडीवाला घाई करायला लागला."

त्या गावातल्या सगळ्याच बायका पाहुणे आले की दागिने धान्यात दडवत. पण डोहाळजेवणाचं उरलंसुरलं संपेपर्यंत नगरशेठच्या घरी डाळ शिजणार नव्हती, त्यामुळं डबा कुणी उघडलाच नव्हता. शेठाणी धावत घरी गेली आणि डबा घेऊनच आली. सगळ्यांसमोर तो पालथा केला. डाळीच्या ढिगात पाटल्या लखलखत होत्या.

मग न्यायाधीश आसनावरून उठले आणि कासारणीसमोर येऊन म्हणाले, "बाई, आजी बसल्या नसत्या तर काल मी तुझा कबूल ऐकला असता आणि जाऊन पोटभर जेवलो असतो. चूक कोतवालाची आहे, तशी माझीही आहे."

कोतवालानं पागोटं काढून तिच्यापुढं ठेवलं. पेटीभर नव्या बांगड्या शेठनं आणवल्या. आणि शेठाणीनं जे केलं ते तर कुणालाच अपेक्षित नव्हतं. ती घोंगडीवर कासारणीसमोर बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "भर बांगड्या. इथंच, सगळ्यांसमोर." कासारणीनं तो हात हातात घेतला. तिनं मनगटभर बांगड्या भरल्या, त्यात एकही वाढवली नाही. त्या दिवसापासून गावातली सगळी दारं तिला पहिल्यासारखी उघडी झाली.

संध्याकाळी ती आजीच्या घरी गेली आणि सगळ्यात सुंदर मोरपंखी बांगड्या पुढं ठेवून म्हणाली, "आजी, या तुम्हाला अशाच."

"अशाच?" आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फुकट घेतल्या तर मी घासाघीस कशाची करू? किंमत सांग. आणि ही एक वाकडी आहे." मग दोघी दिवेलागणीपर्यंत मनसोक्त भांडल्या. कासारणीला इतकं सुख बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

पुढं सुगीच्या दिवसांत एका गुराख्यावर तीन शेळ्या चोरल्याचा आळ आला. घोंगडी अंथरली गेली. कोतवालानं पहिला पुकारा केला, आणि तो पुरता व्हायच्या आत लेकराला कडेवर घेऊन कासारीण घोंगडीवर येऊन बसली. गुराख्यानं खाली मान घालून तिच्या कानात सांगितलं, "एक मी घेतली. बाकीच्या दोन नाही."

कासारणीनं त्याला विचारूनच ते न्यायाधीशांना सांगितलं. मग बाकीच्या दोन शेळ्या कुणी शेवटच्या पाहिल्या, कुठं पाहिल्या, हे ती विचारत गेली. विचारता विचारता ओढ्याकाठी बिबट्याच्या पावलांचे ठसे निघाले आणि जाळीत शेळ्यांची हाडं. गुराख्याला शिक्षा झाली, पण एकाच शेळीची. ती त्यानं मुकाट्यानं भोगली आणि पुन्हा गावातच कामाला लागला.

"चोराची बाजू घेतलीस की गं," जाता जाता कुणीतरी कासारणीला टोमणा मारला.

"घेतली नाही, नुसती मांडली," ती म्हणाली आणि पेटी उचलून पुढच्या घरी बांगड्या भरायला गेली.

त्या गावात घोंगडीवरची दुसरी जागा पुन्हा कधी रिकामी राहिली नाही. आणि कोतवाल? त्याचं लग्न झालं, त्याच्या बायकोला डोहाळजेवणाचा चुडा भरून कासारीण मागच्या दारानं निघाली, तेव्हा तिला हाक मारायची नाही म्हणून तो तोंडावर हात धरून उभा होता म्हणे.

तात्पर्य: आळ आज दुसऱ्यावर आहे, उद्या आपल्यावरही येईल, म्हणून आळ आलेल्याच्या वतीनं विचारणारं कुणीतरी असावंच. तो निर्दोष असेल तर सुटतो, आणि दोषी असेल तर केलं त्याचीच शिक्षा भोगतो, न केलेल्याची नाही.