शून्य दाखवणारा मीटर

“पण मास्तर, इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही घाबरता?”

इंद्रजितने विचारलं आणि वर हसलाही.

सोपानमास्तर रबरी हातमोजा फुगवून बघत होते. तोंड पिळायचं, आत हवा कोंडायची आणि मोजा कानाशी धरायचा. सुईएवढं भोक असलं तरी हवा सुस्कारते. आणि हवेला वाट असली की विजेलाही असते.

“घाबरतो,” ते म्हणाले.

“रोज?”

“रोज.”

“मग आम्ही तुमच्याकडून शिकायचं काय? घाबरायला?”

मास्तरांनी दुसरा मोजा उचलला, फुगवला, कानाशी धरला…

सांगलीच्या वेशीवर मास्तरांची शेड होती. गाड्यांची वायरिंग, दिवे, स्टार्टर, सेन्सर यांत त्यांचा जन्म गेला. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा पिकल्या केसांनी त्याही शिकून घेतल्या आणि पोरांना शिकवू लागले. बाहेरून आलेला माणूस आधी शेडमधली शांतता बघून चक्रावायचा. ठोकाठोकी नाही, गाणी नाहीत. मास्तर म्हणायचे, वीज बोलत नाही, मग आपण तरी कशाला बोलायचं.

आज समोर उभी होती ती पुरात बुडालेली गाडी. पाणी ओसरलं होतं, सीटवर गाळाची रेघ राहिली होती. बॅटरी पायाखाली, आणि तिथून पुढे गेलेल्या जाड नारिंगी वायरी.

साध्या गाडीची बॅटरी फार तर ठिणगी उडवते. ही माणूस नेते.

इंद्रजितने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. याच शेडमध्ये, उन्हाळ्यात, त्याचा जोडीदार बापू अशाच नारिंगी वायरीशी चुकला होता. ओरडलासुद्धा नाही. नुसता मागे फेकला गेला. देवाची दया म्हणून जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. अजून त्याची आई त्याला घास भरवते.

तेव्हा बापूला टॉर्चचा उजेड दाखवत उभा होता तो इंद्रजितच.

त्या दिवसापासून नारिंगी रंग दिसला की त्याच्या तोंडाला कोरड पडायची. एरवी हुशार. दुसऱ्याला सापडणार नाही तो दोष हा वास घेतल्यासारखा शोधायचा. पण नारिंगी वायरीशी आला की पाना दुसऱ्याच्या हाती द्यायचा. पोरं चिडवायची, “अरे, इंद्र्यासमोर संत्रं सोलू नका रे, पळून जाईल!” तो हसायचा. रात्री घरी जेवण उतरायचं नाही.

आणि आज सकाळी उठला, तर भीती नव्हती.

कुठे गेली, कळेना. छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं होतं. सायकल हाणत आला तो थेट मास्तरांपुढे.

“ही गाडी मी उघडतो.”

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“भीती?”

“नाही वाटत आता. अजिबात नाही.”

“अजिबात…?”

“शपथेवर सांगतो, मास्तर.”

सगळ्यांना वाटलं मास्तर खूश होतील. पण त्यांच्या कपाळावर बारीक घाम आला. तो पाहूनच इंद्रजितने तो मघाचा प्रश्न विचारला होता.

“घाल मोजे,” शेवटी मास्तर म्हणाले. “मी शेजारी आहे.”

इंद्रजितने वीज तोडायचा मोठा प्लग उपसला आणि मास्तरांच्या हाती दिला. मास्तरांनी तो खिशात घातला. प्लग निघाला तरी आत थोडा साठा उरतो. तो निचरून जाईपर्यंत थांबायचं असतं. दोघे थांबले. पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज तेवढा येत होता.

तेवढ्यात फाटकातून गाडीच्या मालकांची हाक आली.

“ओ मास्तर! जिवंत आहे का आमची गाडी?”

“हात लावू नकोस, आलोच,” म्हणत मास्तर फाटकाकडे गेले.

इंद्रजितने मीटर घेतला. देवापुढे निरांजन लावताना बाई जसा एका हाताने पदर मागे धरते, तसा डावा हात पाठीशी घेतला. मास्तरांनी शिकवलेलं होतं ते, दुसरा हात कुठे टेकला नाही की वीज छातीतून जात नाही. उजव्या हाताने मीटरच्या दोन्ही पिना धरून वायरीच्या टोकांना टेकवल्या.

शून्य.

परत टेकवल्या.

शून्य.

मेली लाईन. त्याला हसू आलं. एवढ्यासाठी इतके दिवस झुरलो आपण!

पुढचा नट बारीक होता. मोज्यातून बोटांना लागेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. त्याने दातांनी उजवा मोजा ओढून काढला, डाव्या हाताने गाडीचा पत्रा धरला आणि वाकला…

मनगटावर एक पकड बसली.

“कुणी सांगितलं मेली म्हणून?”

“मीटरने. शून्य आहे, मास्तर. बघा की.”

“आणि मीटर जिवंत आहे हे कुणी सांगितलं?”

इंद्रजितची नजर मीटरवर गेली.

मास्तरांचा नेम शेडमध्ये सगळ्यांना पाठ होता. मोठ्या वायरीला मीटर लावण्याआधी तो साध्या, भरलेल्या बॅटरीला लावायचा. आकडा दिसला की मग मोठीला. आणि मोठीने शून्य दाखवलं तरी पुन्हा एकदा साध्या बॅटरीला. पोरं त्याला मास्तरांची आरती म्हणायची. भीती होती तेव्हा इंद्रजितने ती आरती एकदाही चुकवली नव्हती.

आज त्याला ती आठवलीच नव्हती.

“लाव,” मास्तर म्हणाले. मनगट अजून सोडलं नव्हतं.

खिडकीत साधी बॅटरी होती. त्यांच्या स्कूटरची, सकाळीच भरून ठेवलेली. इंद्रजितने पिना टेकवल्या.

शून्य.

“नीट दाब.”

दाबल्या. हलवल्या. उलट्या करून दाबल्या.

शून्य…

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका पिनेची तार आवरणाच्या आतल्या आत तुटली होती. बाहेरून सगळं धड दिसत होतं.

त्यांनी कपाटातून दुसरा मीटर काढला. साध्या बॅटरीला लावला, आकडा उमटला. मग मोजे घातले, एक हात पाठीशी घेतला आणि नारिंगी वायरीपाशी वाकले.

आकडे भराभर चढत गेले. चढले, आणि तिथेच थांबले.

पुराच्या गाळाने आतली निचऱ्याची वाट बंद झाली होती. साठा जसाच्या तसा होता. बापूला फेकलं तेवढाच. कदाचित जास्त.

इंद्रजितने आपल्या उघड्या हाताकडे पाहिलं. मग त्या नटाकडे. दोहोंच्या मध्ये एका बोटाचं अंतर उरलं होतं.

त्याच्या तोंडाला कोरड पडली. तो तिथेच गाळाच्या फरशीवर बसला आणि त्याचे दात एकमेकांवर वाजायला लागले.

फाटकातून मालकांनी विचारलं, “काय हो, झालं काय?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “उद्या या. गाडी जिवंत आहे.”

मग ते इंद्रजितच्या शेजारी फरशीवर बसले. मोजे काढले. त्याचा थरथरता हात आपल्या मांडीवर घेतला. मास्तरांचा स्वतःचा हातही थरथरत होता. दोन्ही हात तसेच राहिले. त्यांनी थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

फाटक लागल्याचा आवाज आला.

“मास्तर.”

“हं.”

“परत आली.”

“काय?”

“भीती. होती तशीच. उलट जास्तच. आईने माझ्यासाठी सोमवार धरले होते. दिवसभर पाण्यावर राहायची. मला काही बोलायची नाही, पण पिंडीपुढे पुटपुटताना ऐकलंय मी. माझ्या लेकराला सांभाळ, एवढंच. काल उद्यापन झालं. आज सकाळी भीती गेलेली दिसली, तर मला वाटलं देवाने ऐकलं तिचं. आता मी तिला काय सांगू? तिचे सगळे उपास मी इथे मातीत घातले.”

मास्तरांनी खांद्यावरच्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं. मग उभे राहिले, त्याला हात दिला, आणि तो उठला तरी हात सोडला नाही.

“जाताना पेढे घेऊन जा,” ते म्हणाले. “आईला सांग, देव पावला.”