अध्यक्षांची गाडी

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नाहीतरी क्लबात ही गोष्ट माझ्या पाठीमागे रंगवून सांगतातच.

इचलकरंजीत आम्ही नऊ जण दर रविवारी कॉम्प्युटरवर रेसिंगचा खेळ खेळायचो. मी अध्यक्ष. कुठली गाडी वेगवान म्हणून पहिल्या वर्गात आणि कुठली दुसऱ्या वर्गात, हे मीच ठरवायचो. रविवारची शर्यत दुसऱ्या वर्गातल्या हळू गाड्यांची असायची. माझी रेसगाडी मी फाइलमध्ये फेरफार करून बनवली होती. इंजिन पहिल्या वर्गाचं, वहीत नोंद मात्र दुसऱ्यात. सलग अकरा रविवार मी जिंकलो.

आमच्यातल्याच, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या अनुराधा खोत एकदा म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमची गाडी पहिल्या वर्गात घाला की."

"गाडी दुसऱ्याच वर्गातली आहे," मी सगळ्यांदेखत फटकारलं. "जिंकायला हातात कसब लागतं, बाई. इथं व्हॅन हाकायची नाही!"

खोतबाई शांतपणे म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी आम्ही सगळेच तुमची गाडी घेतो. पडद्यावर ती आम्हाला दिसावी म्हणून तिची फाइल तुम्हीच सगळ्यांना पाठवलीय. आणि दुसऱ्या वर्गातलीच आहे म्हटल्यावर नियमात बसतेच."

माझ्याच शब्दात मी अडकलो होतो; हो म्हणालो.

रविवारी नऊ सारख्या गाड्या सुटल्या. खोतबाई पहिल्या आल्या, मी नववा.

खोतबाईंनी वर्गांची वही माझ्यापुढे सरकवली. मी मान खाली घालून गाडीच्या नावापुढे 'पहिला' लिहिलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "अकरा रविवार ती बिचारी एकटीच जिंकत होती."