फ्लेक्सवरचा नफा

निशिगंधा बी.कॉम.ला विद्यापीठात पहिली आली आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स झळकला. त्यावर निशिगंधाचा फोटो बोटाएवढा आणि अकाउंट्सच्या घाटपांडे सरांचा दाराएवढा. खाली ओळ होती, 'सरांच्या मार्गदर्शनाचं यश'.

एवढं मार्गदर्शन असूनही त्याच निकालात अर्धा वर्ग अकाउंट्समध्येच नापास झाला होता. फेरपरीक्षेआधी जादा तास घ्या, म्हणून मुलं रोज सरांच्या मागे लागत. सरांचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही अभ्यास करत नाही, त्याला मी काय करू?"

शेवटी वैतागून नापासांपैकी सुकन्या तोरस्कर भरल्या स्टाफरूममध्ये शिरली. "सर, भागीदारीतली एक शंका आहे. नफा कसा वाटायचा ते ठरलंय, तोट्याचं काहीच ठरलेलं नाही. मग तोटा कोणी सोसायचा?"

"एवढंही येत नाही?" सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ज्या प्रमाणात नफा घेतला, त्याच प्रमाणात तोटा. हे मी पहिल्याच तासाला शिकवलंय."

"हो सर. मग आम्हा नापासांचाही एक फ्लेक्स लावतो. तुमचा फोटो त्याच मापाचा ठेवू ना?"

बाकीच्या प्राध्यापकांनी चहाचे कप खाली ठेवून सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"उद्या सकाळी सातला या," ते म्हणाले. "सगळेच या."