औषध कुटणाऱ्याची नाडी

पूर्वी शंखपूर नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी औषधे कुटण्याच्या कामावर होता. त्या जन्मी त्याचे नाव गोभिल. वैद्याच्या ओसरीवर एका बाजूला दगडी खल मांडलेला असे आणि त्या खलाशी पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा गोभिल सकाळपासून बसलेला असे. हिरडा, सुंठ, पिंपळी कुटावी, फडक्यातून गाळावी, मधात खलून गोळ्या वळाव्यात आणि सावलीत वाळत घालाव्यात, एवढेच त्याचे काम होते.

वैद्याचे नाव पुष्यदत्त. माणूस विद्वान, हाताला यश असलेला आणि मनाने निर्मळ. कोणाही गरिबाला त्याने कधी दारातून परत पाठवले नाही. त्याच्यात खोड म्हणावी अशी एकच होती, आणि गंमत अशी की ती खोड आहे असे नगरात कोणालाच वाटत नव्हते. तो रोग्याला बोलू देत नसे.

शंखपूरची रीतच तशी पडली होती. रोग्याने आत जावे, पाटावर बसावे, हात पुढे करावा आणि गप्प राहावे. काय होते आहे ते वैद्याने नाडीवरून ओळखावे. सांगितल्यावर काय, कोणीही ओळखेल, असे लोक म्हणत. परगावी गेले की शंखपूरची माणसे मोठ्या तोऱ्यात सांगत, की आमच्या वैद्यांना काही सांगावे लागत नाही. आया लेकरांना घरूनच पढवून आणत, की आत गेल्यावर तोंड उघडायचे नाही. एकदा एका कोळ्याच्या घशात माशाचा काटा अडकला होता. तोही बिचारा हात पुढे करून मुकाट बसला. वैद्याने पित्त सांगितले आणि पित्तावरचा काढा दिला. काढा इतका कडू होता की पहिल्याच घोटाला जोराचा ठसका लागला आणि काटा बाहेर पडला. त्या दिवसापासून तो कोळी पुष्यदत्ताला देवाच्या जागी मानू लागला.

पण आपले दुखणे कोणाला तरी सांगितल्यावाचून माणसाला राहवत नाही. आत बोलायचे नाही म्हटल्यावर लोक ओसरीवर बोलत. आपली पाळी येईपर्यंत खलाशेजारी टेकायचे आणि गोभिलला सगळे सांगायचे: कधीपासून दुखते, काय खाल्ले की वाढते, सुनेशी वाजले त्या दिवशी कसे जास्तच होते. गोभिल कुटता कुटता ऐकत असे. मध्येच हात थांबवून एखादी गोष्ट विचारत असे. जीव हलका झाला की माणूस उठे, आत जाई आणि तोंडाला कुलूप लावून बसे. एका श्रीमंत व्यापाऱ्याने तर गोभिलला स्वतंत्र घर बांधून देऊ केले होते. तूच औषध देत जा, सारे नगर तुझ्याकडे लोटेल, असे तो म्हणाला. गोभिलने हसून मान हलवली. "मला ऐकता येतं, औषध वैद्यराजांना येतं," तो म्हणाला. "दोघं एका छपराखाली आहोत तेच बरं."

या रीतीचे मूळ फक्त गोभिलला ठाऊक होते. पुष्यदत्ताचे वडील, थोरले वैद्य, उतारवयात ठार बहिरे झाले होते. ते त्यांनी खलाशी बसणाऱ्या गोभिलखेरीज कोणाला कळू दिले नाही. बोलू नका, हात द्या, असे ते रोग्यांना सांगू लागले आणि लोकांना ते त्यांच्या विद्येचे तेज वाटले. मात्र थोरले वैद्य एकेका रोग्यापाशी घटका घटका बसत. दुखते कुठे ते बोट ठेवून दाखवायला लावत, नखे बघत, जीभ बघत, चार पावले चालायला सांगत आणि रोग्याच्या चेहऱ्यावरची नजर काढत नसत. पुष्यदत्त तक्षशिलेहून शिकून परत आला तेव्हा त्याने एवढेच पाहिले की बाबा कोणाला बोलू देत नाहीत. त्याने तेवढेच उचलले. त्याचे स्वतःचे कान अगदी चांगले होते.

त्याच नगरात केसरा नावाची माळीण राहत होती. साठीची बाई, राजवाड्यात रोजचे हार तिच्याच हातचे जात. पुष्यदत्त लहान असताना त्याची आई वारली, तेव्हा वर्षभर त्याला आपल्या मुलांच्या पंक्तीला बसवून हिनेच जेवू घातले होते. बोलण्याची तिला भारी हौस. हार करायला बसली की फुलांशीसुद्धा बोलेल अशी बाई. मांडी घालून बसण्यात जन्म गेल्यामुळे तिचे गुडघे धरले, म्हणून ती वैद्याकडे आली. पुष्यदत्ताने डोळे मिटून नाडी पाहिली, वात ओळखला आणि बचनागाची एक गोळी रोज घ्यायला सांगितली. बचनाग हे जहरी मूळ. दुधात शिजवून, शुद्ध करून अगदी बेताने दिले तर दुखणे ओढून काढते, आणि बेत चुकला तर माणसालाच ओढून नेते. ती गोळी रोजच्या रोज गोभिलच वळून तिच्या घरी धाडत असे.

महिन्याभराने केसरा पुन्हा आली, ती पाय ओढत. खलाशी बसून तिने नेहमीसारखे बोलायला सुरुवात केली, पण जीभ जड वाटत होती. "गोभिल, अरे जिभेला मुंग्या येतात. बोटं बधिर होतात. काल सुई बोटात गेली ती कळलीच नाही. मोगऱ्यावर तांबडा थेंब दिसला तेव्हा कळलं. गोळी घेतली की घटकाभरात होतं बघ."

गोभिलचा हात खलात थांबला. हे सगळे जसेच्या तसे आत सांगा, असे तो तिला म्हणाला. केसरा त्याच्याकडे पाहतच राहिली. एवढ्या मोठ्या वैद्यापुढे आपण तोंड उघडायचे, म्हणजे त्याला काही कळत नाही असे चारचौघांत म्हटल्यासारखेच की! ती आत गेली आणि तिने हात पुढे केला. नाडी मंद लागली. वात वाढला आहे, असे पुष्यदत्ताने ठरवले आणि दोन गोळ्या सांगितल्या. पुढच्या खेपेला तिला उलट्या होत होत्या, छातीत धडधडत होते. नाडी आणखी मंद लागली, मध्येच अडखळली. तेव्हा पुष्यदत्ताला खरोखर काळजी वाटली आणि त्याने उद्यापासून चार गोळ्या सांगितल्या.

गोभिलने केसराला ओसरीवर अडवले आणि गोळ्या बंद करायला विनवले. ती रागावली नाही, पण ऐकेना. "तू कुटणारा, तो वैद्य," ती म्हणाली. "माझ्या हातचं जेवून वाढलेलं पोर मला वाईट औषध देईल होय?" तिच्या या मायेनेच तिचा घात होणार, हे गोभिलला स्वच्छ दिसले. चार गोळ्या तिला चार दिवससुद्धा काढू देणार नव्हत्या.

रोगी गेल्यावर तो वैद्याकडे गेला आणि केसराने सांगितलेले सगळे त्याने सांगितले. पुष्यदत्त शांतपणे म्हणाला, "नाडी खोटं बोलत नाही, गोभिल. माणसं काय, आज एक सांगतात, उद्या दुसरं. बाबांनी कधी कोणाला बोलू दिलं का?"

"त्यांना ऐकू येत नव्हतं, वैद्यराज," गोभिल म्हणाला.

इतकी वर्षे जपलेली गोष्ट त्याने सांगून टाकली, पण तिचा उपयोग झाला नाही. पुष्यदत्ताचा चेहरा उतरला, मग लाल झाला. बाबांविषयी पुन्हा असे बोलायचे नाही, असे त्याने बजावले. "तुझं काम कुटायचं, तू कुटत जा," एवढे म्हणून तो उठला. आयुष्यात पहिल्यांदाच तो गोभिलला असे बोलला होता, आणि बोलल्यावर त्याला स्वतःलाही जेवण गोड लागले नाही.

गोभिल खलाशी येऊन बसला. बचनागाऐवजी गुळाच्या गोळ्या वळून द्याव्या, असे त्याच्या मनात आले. कोणाला कळणार नव्हते आणि केसरा वाचली असती. पण मग पुढच्या महिन्यात दुसरी केसरा येईल, त्याच पाटावर बसेल आणि तशीच हात पुढे करेल. ही वाचेल, पण वैद्य आपल्या खोडीतून वाचणार नाही. या घरात रोग्याच्या बोलण्याला किंमत नाही आणि कुटणाऱ्याच्या बोलण्याला तर नाहीच. किंमत आहे ती फक्त पुढे केलेल्या हाताला, हे त्याने ओळखले.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर त्याने केसराच्या वाट्याच्या चार गोळ्या वळल्या आणि त्या चारही गिळल्या. मग हात धुऊन तो रोग्यांच्या रांगेत जाऊन बसला. त्या दिवशी खल वाजला नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. रांग हळूहळू पुढे सरकत होती. गोभिलच्या ओठांना मुंग्या आल्या, मग जिभेला, मग बोटांना. कपाळावर गार घाम आला. त्याची पाळी आली तेव्हा त्याला भिंतीचा आधार घेत आत जावे लागले. पाटावर बसून त्याने हात पुढे केला.

पुष्यदत्ताने डोळे मिटले. कालचा राग त्याच्या मनात उरला नव्हता, आणि बोटांखाली जे लागले त्याने तर तो घाबरलाच. "फार मंद आहे," तो म्हणाला. "मध्येच अडखळते. वात किती वाढलाय, गोभिल! इतके दिवस अंगावर काढलंस? केसराआईची अशीच आहे. तिच्या गोळ्या तूही सुरू कर, रोज चार."

त्या घरात त्या पाटावरून कित्येक वर्षांत कोणी बोलले नव्हते. गोभिल जड जिभेने बोलला.

"त्या चार घेऊनच आलोय, वैद्यराज. सकाळी मी ठणठणीत होतो."

पुष्यदत्ताने डोळे उघडले.

"नाडी खोटं बोलत नाही," गोभिल म्हणाला. "काय झालंय ते तिनं बरोबर सांगितलं. कशानं झालं ते तिला ठाऊक नसतं. ते ज्याचं त्याला ठाऊक असतं, आणि ते तो बाहेर मला सांगून आत येतो."

पुष्यदत्ताने लगेच दूध मागवले, तूप मागवले आणि स्वतःच्या हाताने गोभिलला पाजले. उलटी होताना त्याचे डोके धरले. केसराकडे निरोप धाडायला हवा म्हणून तो धडपडत उठला, तेव्हा गोभिलने त्याला खाली बसवले. तिच्या आजच्या गोळ्या माझ्या पोटात गेल्या आहेत, तेव्हा आज तरी तिला भीती नाही, असे तो म्हणाला. पुष्यदत्ताला हसू आले आणि त्या हसण्यातच रडू फुटले. एवढा मोठा वैद्य सगळ्या रोग्यांदेखत आपल्या कुटणाऱ्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. दुपार होईपर्यंत तो त्याच्या उशाशी बसून होता आणि दर थोड्या वेळाने विचारत होता, की आता कसे वाटते, जीभ कशी आहे, बोटे कळतात का. प्रत्येक उत्तर तो नीट ऐकून घेत होता.

गोभिलच्या नाडीची चाल ठिकाणावर आली, तशी दुधाची चरवी घेऊन पुष्यदत्त केसराच्या घरी गेला. ती फुलांच्या टोपल्यांजवळ आडवी पडली होती. त्याला पाहताच ती कष्टाने उठून बसली आणि तिने हात पुढे केला. पुष्यदत्ताने तो हात हळूच धरून तिच्या मांडीवर ठेवला.

"हात राहू दे, केसराआई. काय होतंय ते तू सांग."

केसराने दाराकडे पाहिले. कोणी ऐकले तर वैद्याला नावे ठेवतील, अशी तिला धास्ती वाटली. "सगळं सांगू?" तिने विचारले.

"सगळं सांग."

मग ती बोलली. जिभेच्या मुंग्या, सुई, मोगऱ्यावरचा थेंब, उलट्या, छातीतली धडधड. बोलता बोलता ती आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारावर गेली, तिथून पुष्यदत्ताच्या आईवर आली, त्याने लहानपणी भाताला रुसून कसे ताट सरकवले होते तेही सांगून झाले. दारातले ऊन भिंतीवर चढले. पुष्यदत्त मध्ये एक शब्द बोलला नाही. दूध थोडे थोडे तिच्या हाती देत तो बसून राहिला. शेवटी ती थांबली, तिने पदराने तोंड पुसले आणि काहीतरी आठवून म्हणाली, "आणि बघ, एक सांगायचंच राहिलं. गुडघे दुखायचे तर पहिल्या पंधरवड्यातच थांबले होते रे."

पुष्यदत्ताने तिच्या पायांवर डोके ठेवले. केसराने आपल्या बधिर बोटांनी त्याचे केस कुरवाळले. त्याचे काय चुकले ते तिला कळेना, आणि त्याला ते सांगता येईना.

पुढे महिन्याभरात तिच्या बोटांना सुई कळू लागली. पुष्यदत्ताने आपला पाट ओसरीवर खलाशेजारी आणून मांडला आणि त्यानंतर प्रत्येक रोग्याचे बोलणे संपल्यावरच त्याने नाडीला हात लावला. रांग फार लांबू लागली, पण वैद्याला पुरे आयुष्य होते आणि रोग्यांनाही.

ही कथा विहारात भिक्खूंना सांगून झाल्यावर त्यांचे गुरू शास्ता, आजाऱ्यांना त्यांचे न ऐकताच औषध देणाऱ्या तरुण भिक्खू सुदंताकडे पाहून हसले. सुदंताने मान खाली घातली होती. शास्ता म्हणाले, "सुदंता, तेव्हाचा पुष्यदत्त वैद्य तूच होतास, आणि तेव्हाही तुझे मन आजच्यासारखेच निर्मळ होते. केसरा माळीण म्हणजे विहाराच्या दाराशी रोज फुले ठेवून न बोलता परत जाणारी वृद्ध उपासिका चित्तला. आज ती येईल तेव्हा तिला थांबवून विचार. बाहेर सारे काही सांगणारे आणि आत जाऊन गप्प बसणारे नगरजन म्हणजे, भिक्खूंनो, तुम्ही सगळे. आणि तो औषध कुटणारा मी होतो. जिचे ऐकले जात नव्हते तिच्यावर आणि जो ऐकत नव्हता त्याच्यावरही त्याने सारखीच माया केली. या गुणाला मैत्री म्हणतात."