हरणाबाईची खुडूक कोंबडी

डोंगराच्या पोटाशी उंबरमाळ नावाचे गाव आहे. तिथल्या मठात श्रीनिवांतनाथ महाराज राहत होते, तेव्हाची ही हकिकत. महाराजांना ना सोवळ्याचे वेड, ना मानपानाची हौस. ओटीवर घोंगडी अंथरून बसायचे आणि आल्यागेल्याची विचारपूस करायची, एवढाच त्यांचा दिनक्रम. मठाचा कारभार त्रिंबकपंतांच्या हाती होता, आणि पंतांचा तोरा काय वर्णावा! महाराज देव खरे, पण देवाला शिस्त आपणच लावायची, असा त्यांचा खाक्या.

गावाबाहेर हरणाबाई नावाची एकटी बाई राहायची. दोन शेळ्या, एक म्हातारी गाय आणि खुराडेभर कोंबड्या, हाच तिचा गोतावळा. रोज सकाळी ती शेळी घेऊन मठाच्या पायरीशी येई, तिथेच धार काढी आणि फेसाळ दुधाचा तांब्या महाराजांच्या हाती देई. महाराजांनी दूध पिऊन मिशा पुसल्या, की बाईचा दिवस गोड झाला. पंतांना मात्र ते बघवत नसे. पायरीवर लेंड्या पडतात, असे ते सांगत. खरे दुखणे वेगळेच होते. त्यांच्या घरच्या केशरी दुधाला महाराज नुसते ओठ लावत.

त्या वर्षी कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि हरणाबाईचे खुराडे ओस पडले. एक काबरी कोंबडी आणि एक लंगडा कोंबडा तेवढा वाचला. पुढे काबरी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू पाहू लागली. हरणाबाईने तिचीच अकरा अंडी टोपलीत तुसावर मांडली, विजेच्या गडगडाटाने ती नासू नयेत म्हणून कोळशाचा तुकडा ठेवला आणि टोपली घेऊन मठ गाठला.

"हरणामाय, हे काय आणलंस?" महाराजांनी विचारले.

"बाळं हाईत, महाराज. अजून कवचात हाईत. हात ठेवा."

महाराजांनी हसत हसत एकेका अंड्याला बोट लावले. पंतांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शिव शिव! मठात अंडी! उद्या सभामंडपात खुराडंच मांडशील!"

जमलेली मंडळी फिदीफिदी हसली. हरणाबाई म्हणाली, "महाराजांचा हात लागलाय, पंत. अकराच्या अकरा पिल्लं निघत्यात का न्हाई, बघाच."

"आणि एक जरी अंडं वाया गेलं तर?"

"तर पुन्यांदा शेळी घेऊन ह्या पायरीला यायची न्हाई!"

बाई बोलून गेली खरी, पण मग तिनेच अंडी पुन्हा एकदा निरखली. अकरात एकदोन अंडी वाया जायचीच, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? पण शब्द गेला तो गेला. कोंबडी दिवेलागणीलाच बसवायची असा तिचा रिवाज. म्हणून तोवर टोपली ओटीवर महाराजांपाशी ठेवून ती शेळ्या चारायला गेली.

दुपारी मठ सामसूम झाला. पंतांनी टोपली उपरण्याखाली घातली. महाराज डोळे मिटून पडले होते.

"सांभाळून हो पंत," महाराज म्हणाले.

पंत दचकले, पण पाहतात तो महाराज चक्क घोरत होते! पंतांनी घर गाठले. स्वयंपाकघरात अंडी नेली असती तर बायकोने त्यांनाच चुलीत घातले असते. म्हणून त्यांनी ती न्हाणीतल्या कढत पाण्याच्या हंड्यात सोडली आणि दुपारची अख्खी संध्या आटोपेपर्यंत चांगली उकडली. मग एकाला फरशीवर गिरकी दिली. कच्चे अंडे असे फिरत नाही; हे भोवऱ्यासारखे गरगरले, तेव्हा पंतांची खात्री पटली. टोपली पुन्हा जागच्या जागी आली.

"ऊब लागली हो बाळांना," महाराज कुशीवर वळत पुटपुटले.

संध्याकाळी हरणाबाईने टोपली घरी नेली आणि काबरी त्या अंड्यांवर बसली. दिवसातून एकदा उतरायची, चार दाणे टिपायची, घोटभर पाणी प्यायची आणि धावत परत जायची. पंत मुद्दाम तिकडून जात. हरणाबाई कौतुकाने सांगे, "बघा पंत, कशी बसलीया! तुमीबी आशीर्वाद द्या." सांगून टाकावे असे पंधरा वेळा मनात आले आणि पंधरा वेळा तोरा आडवा आला.

एकविसावा दिवस उजाडला. सारा गाव हरणाबाईच्या अंगणात जमला. महाराजही येऊन एका पालथ्या डालग्यावर बसले. एकाही अंड्याला तडा नव्हता. मग हरणाबाईने जुन्या रीतीप्रमाणे परातीत कोमट पाणी घेऊन अंडी सोडली. आत जीव असला की अंडे पाण्यात हलते. ही तर धोंड्यासारखी तळाशी बसली!

हरणाबाईचे डोळे भरून आले. "महाराज," ती म्हणाली, "उद्यापास्नं दूध कुणाच्या तरी हाती धाडीन. थंड व्हायच्या आत पीत जावा."

आता मात्र पंतांना राहवले नाही. डोळ्यांतले पाणी पुसत ते पुढे आले. "हरणाबाई, थांब. तुझा दोष नाही, ही अंडी मी..."

तेवढ्यात परातीतले एक अंडे डुलले. मग दुसरे. मग अकराच्या अकरा अंडी, पोरे पाण्यात खेळावीत तशी, नाचू लागली! हरणाबाईने ती पुसून घाईघाईने काबरीखाली सारली. उन्हे माथ्यावर येईतो अकरा पिल्ले चिवचिवत अंगणभर झाली.

गावकऱ्यांना आनंद झाला, पण नवल कुणालाच वाटले नाही. एकवीस दिवस भरले, पिल्ले निघाली, त्यात काय मोठेसे! खरे काय ते एकट्या पंतांनाच ठाऊक होते. त्यांनी धावत जाऊन महाराजांचे पाय धरले.

"माझ्याकडे काय काम?" महाराज म्हणाले. "एकवीस दिवस हरणामायनं आणि काबरीनं जीव लावला. मी नुसता घोरत पडलो होतो."

पंत उठले आणि त्यांनी भर अंगणात न्हाणीच्या हंड्यापासून सगळे सांगितले. मग हरणाबाईच कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया! उकडून? आन् मला म्हाईतच न्हाई! माझी काबरी किती गुणाची म्हणायची!"

सारे अंगण खळखळून हसले. पंत मात्र तिथल्या शेणामातीत सोवळ्यासकट आडवे झाले आणि त्यांनी आपला माथा हरणाबाईच्या पायांवर ठेवला. "माय, उद्या शेळी घेऊन ये," ते म्हणाले. "पायरी मी झाडून ठेवतो."

पंत गप्प बसले असते, तर ही लीला कुणालाच कळली नसती. पण महाराजांचे नाव निघाले, की आपली फजिती तेच सर्वांत आधी सांगत. आज आपण ही कथा ऐकतो, ती त्यांच्याच कृपेने.